सुदामा नगरातील संध्याकाळ आणि लहानग्यांची पहिली मैत्री

इंदूर शहराच्या पश्चिम भागात, अन्नपूर्णा मंदिराच्या रस्त्याने फूटी कोठीकडे जाताना सुदामा नगर ही मोठी वसाहत लागते. होळकरांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेली मराठी कुटुंबे शहरभर पसरली, त्यांतील काही येथे राहतात. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, हा त्यांचा नित्याचा व्यवहार. वसाहतीला ज्याचे नाव दिले आहे तो सुदामा मराठी माणसाला पोह्यांमुळे आठवतो. पण त्याची आणि कृष्णाची ओळख झाली ती सांदीपनींच्या आश्रमात. हा आश्रम परंपरेने उज्जैनला मानला जातो आणि उज्जैन इंदूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. भागवतातील कथेप्रमाणे गुरुपत्नीने सरपण आणायला धाडलेले हे शिष्य वादळी पावसात सापडले आणि एकमेकांचे हात धरून रात्रभर रानात भटकले. मैत्री करा, असे त्यांना कोणी सांगितल्याचा उल्लेख नाही. काम एकत्र होते, फजितीही एकत्र झाली.

अशा वसाहतीतील बागेत संध्याकाळी दिसणारे एक दृश्य गोव्यातील वाचकालाही परके वाटणार नाही. दोन-अडीच वर्षांची दोन मुले मातीत बसलेली असतात. एकाच्या हातात लहानशी बादली, दुसऱ्याच्या हातात फावडे. दोघे जवळ आहेत, पण तोंडे दोन दिशांना. आजी सांगते, “जा बाळा, त्याच्याशी मिळून खेळ.” बाळ जागचा हलत नाही. दुसऱ्या मुलाने बादलीला हात लावताच मात्र किंकाळी फुटते. घरी परतल्यावर निकाल लागतो : “आमचा मुलगा कोणात मिसळत नाही.” पर्वरी, फोंडा किंवा वास्कोतील सदनिकांमध्येही हेच वाक्य ऐकू येते, आणि त्यामागोमाग त्याला लवकर नर्सरीत घालावे काय, हा प्रश्न.

या निकालाची घाई बहुधा चुकीची असते. एक ते तीन वर्षांच्या मुलाने समवयस्कासोबत काय करावे याविषयी मोठ्यांची जी अपेक्षा असते, ती चार-पाच वर्षांच्या मुलाची असते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मिल्ड्रेड पार्टेन यांनी बालवर्गातील मुलांच्या मुक्त खेळाचे निरीक्षण करून १९३२ साली जे वर्गीकरण मांडले, ते आजही अभ्यासले जाते. एकट्याने खेळणे, दुरून नुसते पाहत राहणे, शेजारी बसून आपापला खेळ खेळणे, मग एकमेकांत थोडी देवाणघेवाण करणे आणि सर्वांत शेवटी ठरवून, वाटून घेऊन एकत्र खेळणे, अशा या अवस्था. पुढे झालेल्या अभ्यासांनी एवढी दुरुस्ती केली की या पायऱ्या एकामागून एक ओलांडून मागे टाकल्या जात नाहीत. मोठी मुलेही अधूनमधून एकटी किंवा शेजारी-शेजारी खेळतात. तरीही दोन वर्षांच्या मुलासाठी मुख्य गोष्ट खरी ठरते. पाठ फिरवून शेजारी बसलेली ती दोन मुले खेळतच असतात, आणि एका अर्थाने सोबतही असतात. एकाने बादली उपडी केली की थोड्या वेळाने दुसराही काहीतरी उपडे करतो. मोठ्यांच्या नजरेतून हे निसटते.

फ्रान्समधील संशोधिका जाकलीन नादेल यांनी ही नक्कल बारकाईने तपासली. बोलायला पुरते न लागलेल्या मुलांसमोर प्रत्येक वस्तूचे दोन-दोन सारखे नग ठेवले असता, एकाने टोपी घातली की दुसरा टोपी घालतो, एकाने छत्री उचलली की दुसराही उचलतो, मग पहिला त्याच्याकडे पाहून हसतो आणि थांबून वाट पाहतो. शब्दांच्या आधीचे हे संभाषणच होय. घरासाठी त्याचा उपयोग सरळ आहे. शेजारचे मूल खेळायला येणार असेल तर एक भारी खेळणे पुढे करण्याऐवजी साध्या वस्तूंची जोडी ठेवावी : दोन वाट्या, दोन पळ्या, दोन रिकामे डबे, कणकेचे दोन गोळे. भांडणे कमी होतात आणि नक्कल सुरू होते.

“माझं” या शब्दाने पालक सर्वाधिक खजील होतात. पाहुण्यांसमोर मुलाने खेळणे छातीशी धरले की संस्कारांचा प्रश्न उभा राहतो आणि मग ते त्याच्या हातून ओढून पाहुण्याच्या मुलाला दिले जाते. मूल यातून एकच धडा घेते : जो बलवान, त्याला वस्तू मिळते. वास्तविक “माझं” म्हणता येणे ही प्रगती आहे. मी वेगळा, तू वेगळा, ही माझी वस्तू, ती तुझी, एवढी समज आल्यावाचून “तुला देतो” या वाक्याला अर्थच येत नाही. आधी मालकी कळते, मग देणे. त्यामुळे पाहुणे येण्यापूर्वी मुलाला विचारून त्याची एक-दोन अतिप्रिय खेळणी कपाटात ठेवून देणे हा लाड नव्हे. उरलेली सर्वांची, हे त्याला आधीच ठाऊक असते आणि सगळ्यांचीच संध्याकाळ बरी जाते.

पाळीपाळीने खेळणे मात्र शिकवता येते, फक्त त्याचे माप मिनिटांत नसावे. “पाच मिनिटांनी तुझी पाळी” हे दोन वर्षांच्या मुलाला कळत नाही. “हे गाणे संपले की तुझी पाळी” हे कळते. झोपाळ्याचे दहा झोके मोठ्याने मोजले तर आकड्यांचा अर्थ न कळूनही शेवट जवळ येतो आहे, हे त्याला उमगते. मारिया मॉन्टेसोरी यांच्या पद्धतीच्या वर्गात प्रत्येक साधनाचा सहसा एकच नग ठेवतात, तो याच हेतूने. दुसऱ्याचे काम होईपर्यंत थांबावे लागते. पण ती योजना तीन वर्षांपुढील मुलांसाठी आहे. दीड वर्षाच्या मुलासमोर एकच चेंडू ठेवून धीर शिकवू पाहणे म्हणजे रडारड ओढवून घेणे.

लहान मुले जात्याच स्वार्थी असतात, हा समजही फारसा टिकत नाही. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी माणसाच्या हातून कपडे वाळत घालायचा चिमटा पडला किंवा हात भरलेले असल्याने कपाटाचे दार त्याला उघडता आले नाही, तेव्हा अठरा महिन्यांची बहुतेक मुले न सांगता मदतीला गेली. दोन वर्षांनंतरच्या त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात वीस महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल खेळणे बक्षीस दिले गेले, ती मुले पुढे बक्षीस नसताना कमी वेळा मदतीला सरसावली. “दादाला दिलेस तर चॉकलेट” हा घरोघरचा तोडगा त्यामुळे उलट फिरतो. सेलिया ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या मुलांबाबत नोंदवलेला दुव्याचा मुद्दा अधिक उपयोगी आहे. चित्रांचे पुस्तक पाहताना जे पालक “हा का रडतो आहे?”, “हिला काय वाटले असेल?” असे मुलाला विचारत, त्यांची मुले वाटून घेण्यात आणि मदतीत पुढे होती, पालकांनी स्वतःच भावना समजावून सांगण्यापेक्षा मुलाला बोलते करण्याशी हा संबंध अधिक होता. रात्री झोपताना गोष्ट सांगणाऱ्या आजीला यासाठी वेगळे प्रशिक्षण लागत नाही, मध्ये थांबून एक प्रश्न तेवढा विचारावा लागतो.

आजी-आजोबांचा विषय निघाला आहे तर एक अप्रिय गोष्टही नोंदवायला हवी. आईवडील दोघे नोकरीला असलेल्या घरात मूल दिवसभर आजी-आजोबांजवळ असते. मायेच्या दृष्टीने याहून चांगली व्यवस्था नाही. पण आजोबा प्रत्येक खेळात हरतात, चेंडू नेहमी त्याच्याकडेच टाकतात, रुसण्याआधीच समजूत घालतात. समवयस्क मूल यातले काही करत नाही. ते चेंडू घेऊन पळते. असा बरोबरीचा व्यवहार आठवड्यातून दोन-तीनदा तरी अनुभवाला आला नाही, तर नर्सरीचा पहिला महिना मुलाला जड जातो. उपाय खर्चिक नाही. शेजारचे एखादे मूल, फार तर दोन. तीच मुले, तीच वेळ, तीच जागा. पाऊण तासाची भेट, झोप आणि भूक भागल्यानंतरची. दर वेळी नवी मुले आणि नवे ठिकाण यांपेक्षा ओळखीचा एकच सोबती दोन वर्षांच्या मुलाला अधिक देऊन जातो. वाढदिवसाच्या गोंगाटात वीस मुले एकत्र आणून मैत्री होत नाही. गोव्यात चतुर्थीला मूळ घरी जमणाऱ्या गोतावळ्याचेही तेच. वर्षातून एकदा भेटणाऱ्या चुलतभावंडांनी पहिल्याच तासात गळ्यात गळे घालावेत, शिवाय प्रत्येक काकांना नमस्कार करून गाणे म्हणून दाखवावे, ही अपेक्षा मुलावर अन्याय करणारी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती मुले माटोळीखाली आपसूक एकत्र सापडतात.

पूर्वी हे सारे आपोआप होत असे, असे म्हटले जाते. त्यात स्मरणरंजनाचा भाग आहे, पण तथ्यही आहे. अंगणात वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र असत आणि त्यांच्या खेळात सर्वांत लहानासाठी एक राखीव जागा होती. त्याला ‘लिंबूटिंबू’ किंवा ‘कच्चा लिंबू’ म्हणत. तो पळतो, लपतो, ओरडतो, पण बाद होत नाही. त्याच्यावर राज्य येत नाही. तो खेळात असतो आणि खेळाचा निकाल त्याच्यावर अवलंबून नसतो. लहान मुलाला गटात सामावून घेण्याची याहून सोपी रीत बालशिक्षणाच्या पुस्तकांत शोधून सापडणे कठीण. नियम समजण्याआधी नियमांच्या सान्निध्यात राहण्याची, चुकूनही न हरण्याची आणि वर्ष-दीड वर्षाने आपोआप ‘पक्का’ होण्याची मुभा त्यात होती. मोठ्या मुलांनाही त्यातून काही मिळे : लहानाकडे लक्ष ठेवणे, त्याच्यासाठी जरा हळू पळणे. आजच्या नर्सरीत एकाच वयाची मुले एका खोलीत बसवली जातात. अडीच वर्षांच्या पंधरा मुलांमध्ये सांभाळून घेणारे कोणीच नसते, सगळेच लिंबूटिंबू. म्हणून सदनिकांच्या आवारात सात-आठ वर्षांची मुले खेळत असतील तर लहानग्याला तेथे नेऊन बसवणे उपयोगाचे. ‘याला लिंबूटिंबू घ्या’ एवढे मोठ्यांनी एकदा सांगितले की पुरते.

अंगणाचे हे सामर्थ्य ओळखून त्यावर शिक्षणाची रचना उभी करणाऱ्या दोन मराठी स्त्रिया म्हणजे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केल्यानंतर ताराबाईंनी १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. अनुताई तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी पाड्यांतील मुले बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना या कामातून रुजली. तेथे महागडी साधने नव्हती. शंख-शिंपले, गोटे, बिया, पाने हीच साधने. मूल ओळखीच्या जागेत, ओळखीच्या माणसांच्या नजरेसमोर आणि आपल्याच बोलीत असल्याने दुसऱ्या मुलाजवळ सरकायला धजावत असे. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरली मुलगी शाळा चुकवते हे लक्षात घेऊन पुढे कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांसाठी अंगणवाडी हाच शब्द रूढ झाला. दुर्दैवाने मध्यमवर्गाच्या मनात तो शब्द खिचडी आणि पोषण आहार एवढ्यावरच थांबला. गल्लीतील अंगणवाडी सोडून दूरची, वातानुकूलित, इंग्रजी नावाची नर्सरी निवडताना मुलाचे शेजारचे सोबती सुटतात, हे हिशेबात धरले जात नाही.

बोलीचा मुद्दा इंदूरइतकाच गोव्यालाही लागू आहे. सुदामा नगरातील मराठी घरातले मूल बागेत हिंदी ऐकते; गोव्यातील मूल घरात मराठी किंवा कोकणी, सांभाळणाऱ्या बाईंकडून हिंदी किंवा कन्नड आणि नर्सरीत इंग्रजी. भाषांच्या या गर्दीने मूल गोंधळेल, म्हणून घरातली भाषाच बदलावी, असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो मानण्याचे कारण नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतील मिळून मोजावे लागतात, आणि तसे मोजले असता ती मुले सामान्यतः मागे नसतात. मैत्रीसाठी या वयात भाषेची गरजही मर्यादित असते. खेळात शिरण्यासाठी लागणारे तीन-चार शब्द, म्हणजे ‘मला पण’, ‘हे घे’, ‘नको’, ‘आता माझी पाळी’, एवढे समोरच्या मुलाच्या भाषेत खेळता-खेळता शिकवले की काम होते. यांतील ‘नको’ सर्वांत महत्त्वाचा. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही, ते मूल चावते.

चावणे, ढकलणे, केस ओढणे हे प्रकार दीड ते अडीच या वयात सर्वाधिक दिसतात. शब्द अपुरे आणि इच्छा मोठ्या, असा तो काळ. अशा वेळी मोठ्याने तत्काळ हात धरून थांबवावे, “चावायचे नाही, त्याला दुखते” एवढेच म्हणावे आणि आधी ज्याला लागले आहे त्याच्याकडे लक्ष द्यावे. लांबलचक उपदेश निरुपयोगी, उलट चावून दाखवणे तर हानिकारकच. बळेच म्हणवून घेतलेल्या ‘सॉरी’ला अर्थ नसतो; फुंकर घालायला लावणे, पडलेली बादली उचलून द्यायला लावणे यांत मुलाला काही करता येते. आणि प्रत्येक झटापटीत मध्ये पडण्याचीही आवश्यकता नाही. कोणाला इजा होत नसेल तर क्षणभर थांबावे. पुष्कळदा एक जण खेळणे सोडून दुसरीकडे वळतो आणि तंटा मिटतो. मोठ्यांनी जवळ बसावे, हातातील मोबाईल बाजूला ठेवावा आणि गप्प राहावे. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड.

मोबाईलविषयी मार्गदर्शन स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना आणि भारतीय बालरोग अकादमीच्या २०२१ च्या सूचना यांचे सार सारखेच : दोन वर्षांखालील मुलासाठी पडदा नको, दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास. पडदा रुसत नाही आणि पाळीही मागत नाही, म्हणून त्याच्या सहवासात समवयस्कांशी वागण्याचा सराव होत नाही.

सगळीच मुले एका वेगाने मोकळी होत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी मुलांच्या स्वभावाचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात सुमारे १५ टक्के मुले नव्या माणसांत हळूहळू रुळणारी आढळली. असे मूल आईच्या मांडीवरून आधी बराच वेळ नुसते पाहते. हे पाहणे म्हणजे त्याची तयारी असते. बागेत इतरांच्या आधी पोहोचावे, म्हणजे गर्दीत शिरण्याऐवजी एकेक मूल त्याच्याकडे येते. त्याच्यादेखत “हा फार लाजाळू आहे हो” असे म्हणणे टाळावे. शिक्का एकदा बसला की मूल तो पाळू लागते. नर्सरीच्या पहिल्या आठवड्यात मुलाची नजर चुकवून निघून जाणे हाही असाच एक प्रचलित अपराध. रडू आले तरी निरोप घ्यावा, आणि सांगितलेल्या वेळी परत यावे.

हळू रुळणे आणि खरी अडचण यांत फरक करता यायला हवा. अशा वेळी ‘मुलगे उशिरा बोलतात’ म्हणत थांबून राहणे महाग पडते. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल. दोन वर्षांनंतरही स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल. किंवा कोणत्याही वयात आधी येत असलेले शब्द, हसणे, नजर देणे नाहीसे झाले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. सोबत श्रवणचाचणीही करून घ्यावी, कारण कमी ऐकू येणारे मूलही ‘मिसळत नाही’ असेच दिसते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांच्या तपासणीत विकासातील विलंबाचाही समावेश आहे आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. अंगणवाडी सेविकेला विचारल्यास पुढील तपासणी पथकाची तारीख कळू शकते.